चुन्यात भिजलेला मका

मका रात्रभर चुन्याच्या पाण्यात राहिला, की सकाळी झाकण काढताना येणारा वास मला लहानपणीच्या दिवाळीत घेऊन जातो. घराला चुना काढून झालाय, भिंती अजून ओल्या आहेत आणि आत चुलीवर काहीतरी शिजतंय, तसा तो वास. पातेल्यात हात घालून एक दाणा चिमटीत चुरडावा. वरचं चिवट साल बुळबुळीत होऊन आपोआप सुटतं आणि आतला दाणा हळदीच्या बोटासारखा पिवळाजर्द निघतो.

बेत साधा होता. मेक्सिकोत रस्त्याच्या कडेला मिळतो तसा मांसाचा टाको वसईजवळच्या सातिवलीच्या घरात करायचा. आपल्याकडच्या मॉलमध्ये टाको म्हणून जे कुरकुरीत, होडीसारखं कवच मिळतं ते अमेरिकेत रुळलेलं आहे. मेक्सिकोच्या रस्त्यावरचा टाको मऊ असतो. तळहाताएवढ्या मक्याच्या दोन पातळ भाकऱ्या एकावर एक ठेवायच्या, त्यांना तिकडे तोर्तिया म्हणतात. त्यावर निखाऱ्यावर भाजून बारीक चिरलेलं मांस, कच्चा कांदा, कोथिंबीर, चमचाभर साल्सा, आणि वरून लिंबू. उभ्या उभ्या, मान थोडी तिरकी करून खायचा.

मी दुकानातून मक्याचं पीठ आणलं, कोमट पाण्यात मळलं आणि थापायला घेतलं. कडा फाटल्या. तव्यावरून कशीबशी उतरवली, पण मांस ठेवून दुमडताच दोन तुकडे हातात आले. तीनदा केलं, तीनदा तेच. मक्याच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो हे मला ठाऊक होतं. मग कोट्यवधी लोक रोज दुमडून खातात ती तोर्तिया तुटत कशी नाही? या एका प्रश्नामागे मी पुढचे कितीतरी महिने घालवले, आणि उत्तर सापडलं ते पानाच्या डब्यात.

मेक्सिकोत मक्याचं कोरडं दळण करून भाकरी करायची पद्धतच नाही. सुका दाणा आधी चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळतात, त्याच पाण्यात रात्रभर ठेवतात, सकाळी धुतात आणि ओलाच वाटतात. अशा मक्याला निश्तमाल म्हणतात. शब्द नाहुआत्ल भाषेतला, आणि त्याच्या पोटात ‘राख’ आहे. चुना दाण्याचं साल विरघळवतो, सालातला डिंकासारखा अंश मोकळा होतो, पिठूळ भाग थोडा शिजतो आणि या सगळ्याची मिळून लवचीक कणीक होते. तिला मासा म्हणतात.

नुसती कणीक जमली एवढ्यावर हे थांबत नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व दाण्यात असं जखडलेलं असतं की ते आपल्या अंगी लागत नाही. चुना ते सोडवतो. कोलंबसानंतर युरोपनं मका नेला, पण मक्याबरोबरचा चुना तिथेच राहिला. बायकांनी पाट्यावर जपलेली ही विद्या कुणी विचारून घेतली नाही. स्पेनमध्ये १७३५ साली गास्पार कासाल या वैद्यानं गरिबांच्या अंगावर उठणाऱ्या लाल, भेगाळ चट्ट्यांची नोंद केली. पुढे इटलीत त्या रोगाला पेलाग्रा हे नाव पडलं. कातडी सोलवटायची, हगवण लागायची, शेवटी माणूस भ्रमिष्ट व्हायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतही मक्यावर जगणारी गरीब माणसं यानं हजारोंनी मेली. नायसिनचा उलगडा झाला १९३७ साली. तोवर मेक्सिकोतली कुठलीही आजी रात्री झोपण्यापूर्वी मूठभर चुन्यानं हा रोग घराबाहेर ठेवत होती. आपल्याकडे लहान मुलांना चुन्याची निवळी पाजणाऱ्या बायका मला इथे आठवतात.

मका हेच मुळात माणसानं घडवलेलं धान्य आहे. मेक्सिकोच्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी टिओसिंते नावाच्या रानगवतापासून तिथल्या शेतकऱ्यांनी ते निवडत निवडत आणलं. टिओसिंतेच्या कणसाला पाच-दहा टणक दाणे, तेही कवचात. त्यातून आजचं भरलेलं कणीस उभं राहिलं. या गवताशी आणि या दाण्याशी ज्याचं आयुष्य बांधलं गेलं असा एक मराठी माणूस होऊन गेला, आणि तो मला टाकोच्या वाटेवर भेटला याचं मला आजही नवल वाटतं.

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्याचा मुलगा, इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलायचं म्हणून देशाबाहेर पडलेला. जपानमार्गे अमेरिकेत गेले, तिथे शेतीशास्त्र शिकले, गदर पक्षाच्या पहिल्या फळीत उभे राहिले. पहिल्या महायुद्धात इराण-बलुचिस्तानच्या वाळवंटातून हिंदुस्थानच्या सीमेकडे धडकण्याचा प्रयत्न केला. तो फसला, घराचा रस्ता बंद झाला. १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका आणि टिओसिंते यांच्या संकरावर त्यांनी काम केलं, मक्याचे आणि गव्हाचे वाण सुधारले, आणि जमीन नुकतीच हाती आलेल्या तिथल्या कुळांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी त्यांचे आणि त्यांच्या कणसांचे फोटो काढले. दिएगो रिव्हेरानं मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आमची भाकर’ अशा अर्थाचं चित्र काढलं. त्यात जमलेल्या माणसांच्या मधोमध बसून भाकर मोडणारा जो माणूस आहे, तो म्हणजे आपले खानखोजे. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. वीणा गवाणकरांनी ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा...’ हे चरित्र लिहिलं म्हणून मराठी वाचकाला हा माणूस निदान माहीत झाला. परक्या देशानं आपल्या मंत्रालयाच्या भिंतीवर ज्याच्या हातात भाकर दिली, त्याचा धडा आमच्या शाळेच्या पुस्तकात मी वाचलेला नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी हा टाको करत होते ते सातिवली वसईच्या पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याशी. आज इथे येणाऱ्याला दिसतात ते कारखान्यांचे गाळे, टेम्पोंच्या रांगा आणि पाळी सुटल्यावर रस्ताभर पसरणारी कामगारांची गर्दी. त्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे पुष्कळ, आणि म्हणूनच इथल्या किराणा दुकानात सत्तूशेजारी सुका मकाही मिळतो. पावसाळ्यात तुंगारेश्वराच्या वाटेवर निखाऱ्यावर कणसं भाजतात, वर लिंबाची फोड मीठ-तिखटात बुडवून चोळतात. मेक्सिकोच्या रस्त्यावरही कणीस असंच लिंबू आणि तिखट लावून खातात.

गाळ्यांकडे पाठ करून पश्चिमेला, स्टेशन ओलांडून किल्ल्यापर्यंत गेलं, की वसईचं मेक्सिकोशी जुनं नातं उघडं पडतं. १५२१ साली स्पॅनिशांनी तेनोच्तित्लान, म्हणजे आजचं मेक्सिको शहर, घेतलं. १३ वर्षांनी, १५३४ साली, वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. याच काळात समुद्रमार्गे मिरची आपल्याकडे आली. टोमॅटो, पेरू, पपई, काजू, बटाटा सगळे त्याच वाटेचे. पालघर जिल्ह्याचा अभिमान असलेला डहाणू-घोलवडचा चिकू तर नावासकट तिकडचा, नाहुआत्लमधून स्पॅनिशमध्ये गेलेल्या ‘चिकोसापोते’चा तुकडा.

माणसंही त्याच वाटेनं गेली. वसईत सोळाव्या शतकात जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानला गेले, व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानात आले. मेक्सिको शहरात जन्मलेला फेलिपे नावाचा तरुणही मनिलात त्याच संघात गेला. दीक्षेसाठी मायदेशी परतताना त्याचं गलबत १५९६ साली वादळानं जपानच्या किनाऱ्यावर फेकलं गेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत हे दोघेही होते. १८६२ साली दोघांना एकाच दिवशी संतपद मिळालं. एक भारताचा पहिला संत, दुसरा मेक्सिकोचा पहिला. गोन्सालो गार्सियांचं नाव वसईतल्या पोराटोरांना ठाऊक आहे. त्यांच्या शेजारच्या क्रुसावर मेक्सिको होतं, हे फार थोड्यांना.

मनिला ते अकापुल्को ही गलबतं १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं चालली. त्यांतून नारळ तिकडे गेला, आंबा गेला. मेक्सिकोच्या कोलिमा भागात आजही नारळाची माडी विकतात, तिला तुबा म्हणतात. वसईच्या माणसाला ती चव वेगळी शिकवावी लागणार नाही.

मग टाकोत तिकडचं काय आणि आपल्याकडचं काय? भाकरी त्यांची, मिरची-टोमॅटो त्यांचे. पण गाय, बकरी, कोंबडी स्पॅनिश येण्यापूर्वी तिथे नव्हतीच. कांदा, कोथिंबीरही समुद्र ओलांडून गेली, आणि लिंबाचं मूळ तर आपल्याच आशियात. मी टाकोत बकऱ्याचं मांस घातलं तेव्हा मनात चुकल्यासारखं काही आलं नाही, ते यामुळे. मेक्सिकोत या टाकोला गोमांस लागतं. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६च्या कायद्यानं बंदी आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस त्याबाहेर आहे. ज्यांच्या घरात म्हशीचं चालतं त्यांनी अंडरकट घ्यावा. मी रानेचं बिनहाडाचं मटण घेते. मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतातला बिर्रिया हा मांसाचा पदार्थही मुळात बकऱ्याचाच.

अर्धा किलो मटणाच्या बोटभर जाडीच्या पट्ट्या कापते, वरवंट्यानं हलकं ठेचते. कच्च्या पपईचा वाटलेला गर एकच चमचा, लसूण, जाडसर जिरं, मिरी, तेल. अर्ध्या तासाहून जास्त ठेवलं तर पपई मांसाचा लगदा करते. मीठ तव्यावर टाकण्यापूर्वी, लिंबू पानात वाढताना. आलं आणि गरम मसाला यांच्याकडे हात जातोच, तो आवरावा. इथे धुराची चव हवी. शेगडीत निखारा फुलला असेल तर जाळी, नाहीतर लोखंडी तवा धूर निघेपर्यंत तापवायचा आणि थोड्या थोड्याच पट्ट्या टाकायच्या. गर्दी केली की पाणी सुटतं आणि मांस भाजायच्या ऐवजी शिजतं. दोन्ही बाजूंनी नीट भाजून झालं की पाच मिनिटं झाकून ठेवायचं, मग धाग्यांना आडवं धरून बारीक चिरायचं. मटण चिवट लागलं तर दोष बहुधा सुरीच्या दिशेचा असतो.

साल्सा म्हणजे टोमॅटोचा ठेचाच. तीन-चार टोमॅटो आणि सालासकट लसूण तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचा. तीन ब्याडगी आणि एक लवंगी क्षणभर परतून गरम पाण्यात भिजवायची. मीठ घालून खलात कुटायचं, मिक्सरमध्ये फेस येतो. मेक्सिकोचा तीन पायांचा खल आणि मका वाटायचा उतरता पाटा, दोन्ही ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे. आपला पाटा-वरवंटाही सह्याद्रीच्या त्याच जातीच्या दगडाचा.

आता मका. एक किलो सुका मका, तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम कोरडा खाण्याचा चुना. पानाचा ओला चुना असेल तर दोन चमचे. लाह्यांचा मका नको, स्वीटकॉर्न तर नकोच. पातेलं स्टीलचं हवं, कारण चुना ॲल्युमिनियम खातो. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उकळायचं, झाकून रात्रभर ठेवायचं, सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवायचं. वाटताना पाणी शिंपडण्यापुरतंच.

मिक्सरमध्ये मला पाणी जास्त घालावं लागलं आणि कणीक सैल झाली. तेव्हा गावठाणातल्या मावशींकडे गेले. त्यांच्या मागच्या पडवीत पाटा अजून मांडलेला आहे. त्यांनी दाणे हातात घेऊन वास घेतला. “चुना घातलायस का गं बाय?” म्हणाल्या, आणि मी उत्तर देण्याआधीच पाट्यासमोर बसल्या. दोन मुठी मका, वरवंट्याच्या पाच-सहा ओढी, मग बोटानं गोळा करून पुन्हा मागे. तासाभरात लोण्यासारखी कणीक झाली.

मी दुधाची पिशवी कापून आणली होती. दोन प्लास्टिकमध्ये गोळा ठेवून ताटलीनं दाबायचा असतो. मावशींनी ती बाजूला सारली. लिंबाएवढा गोळा तळहातावर घेतला आणि तांदळाची भाकरी करतात तसा दोन्ही हातांत फिरवत थापला. थप्, थप्, थप्. मेक्सिकोतल्या बायका लोखंडी दाबयंत्र येण्यापूर्वी हेच करत. कड कुठेही फाटली नाही. तव्यावर टाकली, पंधरा-वीस सेकंदांनी उलटली, मिनिटभरानं पुन्हा उलटून बोटांनी मधोमध हलकेच दाबली. ती टम्म फुगली.

मावशींनी पहिलीवर मटण घेतलंच नाही. सुकटीची चटणी काढली, भाकरी दुमडली, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून पाहिली आणि म्हणाल्या, “मोडत नाय.” निघताना उरलेला भिजलेला मका मी डब्यात भरायला घेतला, तर त्यांनी डबा माझ्या हातातून काढून फडताळात ठेवला.