फर्नेस सुरू, तरी ट्रेलरमध्ये गारठा का?

नंदाखालला डिसेंबरातही हीटर लागत नाही. पण कॅनडातल्या नातलगांकडे गेलेल्यांनी थंडीत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे फिरते घर, भाड्याने घेतले, तर हा अनुभव येऊ शकतो : फर्नेस घरघरते, खोली मात्र गारच.

गॅसवरच्या या फर्नेसचा पंखा गरम हवा जमिनीखालच्या डक्टमधून जाळ्यांपर्यंत ढकलतो. डक्ट चेपली, वळणावर दुमडली किंवा सांध्यात सुटली, की हवा खालीच जिरते. जाळीवर बॅग ठेवली तरी हवा अडतेच.

झोपायच्या जागी जास्त ऊब मिळावी म्हणून बाकीच्या जाळ्या बंद केल्या जातात. इथेच गडबड होते. उष्णता फर्नेसमध्ये कोंडते आणि सुरक्षा स्विच बर्नर बंद करतो. शिवाय अनेक ट्रेलरमध्ये याच हवेमुळे पाण्याच्या टाक्या गोठत नाहीत. हवा परत ओढणारी जाळीही मोकळी हवी.

डक्ट आखूड, ताणलेली आणि कमीत कमी वळणांची असावी. सांध्याला ॲल्युमिनियमची टेप लावावी. कापडी टेप उष्णतेने सुटते.

फर्नेसचे बाहेरचे धुराडे मात्र वारा येतो म्हणून कधीही बुजवू नये. कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो आणि त्याला वासही नसतो. ट्रेलर ताब्यात घेतानाच त्याचा अलार्म बटण दाबून तपासावा.