लेखांक ७ : सिंह राशीतले वायूचे कडे

मागच्या लेखांकातल्या सर्पिल दीर्घिकांत वायू भरपूर होता आणि ताऱ्यांचा जन्मही चालू होता. लंबवर्तुळाकार आणि मसुराकार दीर्घिकांची तऱ्हा उलटी. तारे म्हातारे, रंग तांबूस, नवे तारे जवळपास नाहीतच. त्यांच्यातला थंड वायू केव्हाच संपला असणार, अशी बराच काळ समजूत होती.

ती मोडली रेडिओ दुर्बिणींनी. थंड हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. एकट्या अणूला त्यासाठी सरासरी कोटभर वर्षे लागतात. पण अणूच इतके अफाट, की संकेत आपल्यापर्यंत पोचतो. नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क दुर्बिणीने या घराण्यातल्या दीडशेहून अधिक दीर्घिका धुंडाळल्या. निष्कर्ष २०१२ साली आले : कन्या दीर्घिकासमूहाबाहेर सुमारे ४० टक्के दीर्घिकांत हायड्रोजन होता, समूहाच्या दाटीत जेमतेम १० टक्क्यांत. कुठे तो शिस्तीत फिरणारी तबकडी होऊन राहिलेला, कुठे पार विस्कटलेला.

विस्कटलेला वायूच जास्त बोलका. दीर्घिकेच्या कडेला तो सैलसर बांधलेला असतो, त्यामुळे शेजारीण जवळून गेली की आधी तोच ओढला जातो. शिवाय तिथे एक फेरी पुरी व्हायलाच अब्जावधी वर्षे लागतात, म्हणून ती ओढाताण लवकर पुसली जात नाही.

सिंह राशीत १९८३ साली अरेसिबोच्या दुर्बिणीला ध्यानीमनी नसताना असेच एक घबाड सापडले. एम १०५ ही लंबवर्तुळाकार दीर्घिका आणि तिच्या शेजारची मसुराकार एनजीसी ३३८४ या दोघींना वेढणारे, सुमारे साडेसहा लाख प्रकाशवर्षे रुंद हायड्रोजनचे कडे! साध्या छायाचित्रात तिथे काळोखच दिसतो. हा विश्वाच्या बालपणीचा उरलेला वायू, असे काहींचे म्हणणे होते. २०१० साली संगणकीय प्रतिरूपाने दुसरी बाजू मांडली : अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एनजीसी ३३८४ आणि जवळचीच दीर्घिका एम ९६ एकमेकींवर आदळल्या, वायू बाहेर फेकला गेला. पुढे २०२१ साली चिलीतल्या दुर्बिणीने कड्यातल्या तुरळक तारकाजन्मस्थानांचा वर्णपट घेतला. तिथे जड मूलद्रव्ये जवळजवळ सूर्याइतकी निघाली. अस्पर्श वायूत ती इतकी येणारच नाहीत. ती ताऱ्यांच्या पोटातच शिजतात. इथे बालपणीच्या वायूचा पक्ष जवळपास हरला, असे म्हणायला हरकत नाही.

याच्या जोडीला बसणारे दुसरे कडे सापडायला २०२० साल उजाडले, आणि ते शोधले आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने. सुमारे २६ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एजीसी २०३००१ या तारकानिर्मिती थांबलेल्या दीर्घिकेभोवती, मध्यापासून सरकलेले, ३ लाख ८० हजार प्रकाशवर्षे व्यासाचे. एखादी दीर्घिका आरपार घुसून गेली तरी असे कडे उठते. पण मग त्यात तारे भराभर जन्मायला हवेत. इथे प्रकाशाचे फिके ठिपके तेवढे दिसतात. या कड्याचा जन्म नेमका कसा झाला, हा वाद अजून मिटलेला नाही.