सरका जरा, गोष्ट मी सांगतो!

कवी सिनेमात घुसला की काय उद्योग करतो, हे बघायचं तर पिएर पाओलो पासोलिनीला गाठा. या इटालियन कवीचा पहिला संग्रह १९४२ चा, आणि तोही शिष्ट इटालियनमध्ये नाही, तर आईच्या गावच्या फ्रिउली बोलीत! आपल्याकडे एखाद्यानं थेट मालवणीत पदार्पण करावं, तसं. बोलीचं हे वेड पडद्यावरही सुटलं नाही.

१९७१ चा 'डेकॅमेरॉन' घ्या. बोकाच्चोच्या मूळ ग्रंथात प्लेगला भिऊन फ्लॉरेन्सबाहेर पळालेले १० खानदानी तरुण-तरुणी १० दिवसांत १०० गोष्टी सांगतात. पासोलिनीनं त्या दहाही जणांना घरी पाठवलं आणि मोजक्या गोष्टी उचलून नेपल्सच्या गल्लीबोळांत नेल्या. तिथे एक म्हातारा जमलेल्या लोकांना पुस्तक वाचून दाखवतो, आणि मध्येच वाचन थांबवून तीच गोष्ट गावरान बोलीत रंगवू लागतो. संस्कृत श्लोक म्हणून झाला की आपले कीर्तनकारबुवा उपरणं सावरत मराठीत शिरतात ना, अगदी तस्सं.

मग त्या दहांच्या रिकाम्या गादीवर कोण बसलं? खुद्द दिग्दर्शक! जॉत्तो या थोर चित्रकाराचा शिष्य बनून तो भर बाजारात बोटांची चौकट करतो आणि तीतून माणसं न्याहाळतो. अंगरखा चौदाव्या शतकातला, बोटं मात्र कॅमेरामनची.

पुढच्याच वर्षी 'कँटरबरी टेल्स'. इथे तर तो मूळ ग्रंथाचा कर्ता, साक्षात चॉसर! आणि हा चॉसर आपलं लिखाण सोडून बोकाच्चो वाचत खुसुखुसु हसतो. (उसनवारी कबूल करायची याहून गोड तऱ्हा मी तरी पाहिलेली नाही.) याच सिनेमात नट निनेत्तो दावोली चॅप्लिनच्या थाटात धमाल उडवतो, आणि दुसऱ्या एका गोष्टीत चॅप्लिनची खरीखुरी मुलगी जोसेफिन दिसते. बर्लिन महोत्सवात याला सुवर्ण अस्वल मिळालं.

'अरेबियन नाइट्स' आला १९७४ मध्ये. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'सुरस आणि चमत्कारिक गोष्टीं'वर पोसलेल्या मराठी वाचकाला इथे दचकायला होतं, कारण शहरजादच गायब! रात्रीमागून रात्री गोष्ट अर्धवट ठेवून जीव वाचवणाऱ्या बाईचाच पत्ता कट. या खेपेला पासोलिनीही पडद्यावर नाही. मग सांगतं कोण? एका गोष्टीतलं पात्र दुसरी गोष्ट काढतं, तिच्यातलं तिसरी. पंचतंत्राचाच खाक्या, फक्त मागे येमेन, इराण नि नेपाळ.

येमेनशी त्याची ओळख आधीचीच. १९७० मध्ये 'डेकॅमेरॉन'च्या चित्रीकरणासाठी तो सना शहरात होता. तो भाग पुढे कात्रीत गेला, पण उरलेल्या रिळांवर त्यानं जुन्या सनाचा छोटासा माहितीपट करून युनेस्कोला साकडं घातलं. १९८६ मध्ये हे शहर जागतिक वारसा यादीत आलं.

आणि हो, या साऱ्याच्या आधी स्वारी आपल्याकडेही येऊन गेली होती. भारतावरच्या सिनेमाची टिपणं म्हणून १९६८ मध्ये त्यानं एक माहितीपट केला. भुकेल्या वाघांना स्वतःचं शरीर देणाऱ्या महाराजाची गोष्ट घेऊन तो मुंबईपासून राजस्थानापर्यंत हिंडला. जो भेटेल त्याला प्रश्न विचारत गेला, साधूलाही सोडलं नाही: तुम्ही द्याल का हो असं शरीर?

भुकेल्या वाघिणीला बोधिसत्त्वानं देह दिल्याचं सांगणाऱ्या व्याघ्री जातकाच्या देशात ही गोष्ट! म्हणजे इटलीहून नारळ आणून कोकणात भाव विचारण्यातलाच प्रकार.