वॅट वाचू नका, ओढ बघा!

सोफा धुण्याच्या मशीनच्या खोक्यावर वॅट सगळ्यात ठळक छापलेले असतात आणि गिऱ्हाईकही तेवढंच वाचतं. हजारापेक्षा सोळाशे भारी, हा हिशेब विहिरीवरच्या पंपाच्या हॉर्सपॉवरवरून आलेला. पण वॅट सांगतात ते मोटर वीज किती खाणार एवढंच. गादीच्या पोटातलं मळकं पाणी ती किती ओढणार, हे दुसऱ्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं, आणि तेही अर्धवट.

मशीन तसं साधं. एका टाकीतलं साबणाचं पाणी छोटा पंप दाबाने कापडात मारतो. व्हॅक्यूम मोटर तेच पाणी मळासकट खेचून दुसऱ्या टाकीत टाकते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जाड गालिचे अंथरणारी घरं मोजकीच. मंगल कार्यालयातलं लाल कारपेट पातळ असतं. पाइपाने धुऊन उन्हात टाकलं की झालं, त्याला मशीन लावणं म्हणजे पैसा जास्त झाल्याचं लक्षण. इथलं खरं काम सोफ्यांचं, गाद्यांचं, गाड्यांच्या सीटांचं. शिवाय शेगावसारख्या ठिकाणी, जिथे यात्रेकरूंची ये-जा बारा महिने चालते, लॉजच्या खोल्यांचं. या सगळ्यात मुरलेली असते काळ्या मातीची धूळ. ती आधी कोरडी ओढून न घेता पाणी मारलं, की सोफ्यात चिखल कालवला म्हणून समजा.

हवेने धूळ ओढायची कल्पना रुळवली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरने, १९०१ साली. त्याचं यंत्र घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि नळ्या खिडकीतून घरात जायच्या. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच साफ केले. पुढे ते यंत्र एका माणसाला उचलता येईल इतकं लहान झालं, ते छोट्या पण भन्नाट वेगाच्या मोटरमुळे.

त्या वेगातच सगळी गोम आहे. विहिरीवरची मोटर इंडक्शनची. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वर जाऊच शकत नाही, आणि तेवढ्या वेगात वीतभर पंख्याने काय ओढ निघणार! म्हणून व्हॅक्यूमला मिक्सरच्या जातीची युनिव्हर्सल मोटर लागते. तिच्या फिरत्या आर्मेचरला दोन कार्बनमधून वीज मिळते आणि ती २० हजार फेऱ्यांच्या पुढे पळते. मोटर खोलून पाहिली तर वर तांब्याच्या तारा, कॉम्युटेटरवर टेकलेले कार्बन, आणि खाली पत्र्याच्या डब्यात ॲल्युमिनियमचे चपटे पंखे. एक पंखा म्हणजे एक स्टेज. दोन पंख्यांच्या मध्ये न फिरणारी, वळणदार पात्यांची चकती असते. पहिल्या पंख्याने कडेला फेकलेली हवा ती पुन्हा मध्यभागी आणून दुसऱ्याच्या तोंडी देते. स्टेज वाढली की सक्शन वाढतं. मात्र वाहणारी हवा त्याच प्रमाणात वाढत नाही, बरेचदा थोडी कमीच होते.

सक्शन आणि हवा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे खामगावकरांना सांगायला नको. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. आजच्या आधुनिक जिनिंगमध्ये कापूस पाइपातून हवेनेच ओढून नेतात. तिथल्या पंख्याला ढीगभर हवा लागते, खेच म्हणजे सक्शन मात्र बेताचंच. गादीच्या फोममधलं पाणी याच्या उलट: हवा थोडी चालेल, पण खेच जबर हवी. खेच मोजतात पाण्याच्या उंचीत. दोन स्टेजच्या नेहमीच्या मोटरवर २२ किलोपास्कलच्या आसपासचा आकडा असतो, म्हणजे सव्वादोन मीटर पाणी उभं धरण्याची ताकद. तीन स्टेजची चांगली मोटर तीन मीटर किंवा त्याच्याही वर जाते.

आता बारीक अक्षरांतली ती अर्धवट माहिती. सक्शनचा आकडा पाइपाचं तोंड गच्च बंद करून घेतलेला असतो, तेव्हा हवा शून्य. हवेचा आकडा तोंड सताड उघडं ठेवून घेतलेला, तेव्हा सक्शन जवळजवळ शून्य. आणि काम चालतं ते या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. दोन्ही आकडे एकदम मिळतील असं विकणारा भासवतो, मिळत नाहीत.

दोन मोटरींच्या मशीनचंही तसंच. शेजारीशेजारी जोडल्या तर हवा वाढते, एकामागे एक जोडल्या तर खेच. पण सोफ्याच्या हत्याराचं तोंड इतकं अरुंद, की शेजारी बसवलेल्या दुसऱ्या मोटरची हवा तिथून जायलाच जागा नाही. सोफे आणि सीटा हाच धंदा असेल तर तीन स्टेजची एक मोटर पुरे, असं माझं मत. हॉटेलांची मोठी कारपेट करायची असतील तरच दोन घ्याव्यात, आणि मग पाइपही दीड इंचीऐवजी दोन इंची. तेवढीच हवा नेताना दोन इंची पाइपातला तोटा साधारण एक चतुर्थांशावर येतो.

दोन मोटरींना घराघरातल्या सॉकेटचीही अडचण. साधा ६ अँपिअरचा पॉईंट २३० व्होल्टवर १३८० वॅटच झेपवतो. त्याच्या वर गेलात की पहिला प्रश्न, गिझरचा पॉईंट कुठे आहे? बरं, व्होल्टेज तरी पूर्ण मिळतं का? ते पडलं की फेऱ्या पडतात. आणि फेऱ्या १० टक्क्यांनी घटल्या तर खेच १९ टक्क्यांनी घटते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात चालते.

आपल्या जिल्ह्याचा आणखी एक खोडा म्हणजे घाट. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, मलकापूर त्याच्या चारशे मीटर खाली. घाटावरची हवा विरळ, म्हणून तीच मोटर मलकापूरपेक्षा बुलढाण्यात चार-पाच टक्के कमी ओढते. घाटाखालच्यांनी यावर खूश होऊ नये. मे महिन्यात तिकडे ऊन इतकं तापतं, की तापलेली हवाही विरळ होते आणि फायद्यातला काही वाटा तिथेच जातो. शिवाय मोटरच्या इन्सुलेशनचं कागदावरचं गणित भोवतालची हवा ४० अंश धरून केलेलं असतं. पारा त्याच्या वर गेला की मोटरला मध्येमध्ये दम खाऊ द्यावा लागतो. सोफे धुऊन घ्यायची लगबग नेमकी लग्नसराईत, म्हणजे त्याच दिवसांत.

ओल्या कामाला बायपास मोटरच हवी, यात तडजोड नाही. तिच्यात ओढलेली ओली हवा पंख्यातून थेट बाहेर जाते आणि वाइंडिंग गार करायला वेगळा पंखा असतो. साध्या कोरड्या व्हॅक्यूमच्या मोटरमध्ये ओढलेली हवाच वाइंडिंगवरून जाते. तिने पाणी ओढलं की संपलं. बायपासलाही एक शत्रू आहे: फेस. टाकी भरली की तरंगणारा गोळा तोंड बंद करतो, पण फेस त्याला जुमानत नाही. स्वस्तात पडते म्हणून कपडे धुण्याची पावडर टाकणाऱ्यांच्या मोटरींचं पंख्याकडचं बेअरिंग किंचाळायला लागतं ते याच फेसामुळे. फेस मारणारं औषध मळक्या पाण्याच्या टाकीत टाकावं आणि काम संपल्यावर मोटर चार-पाच मिनिटं रिकामी फिरवून वाळवावी.

जळलीच, तर आपल्याकडे पहिला विचार येतो मोटर भरून आणण्याचा. पंपाच्या मोटरी भरणारे कारागीर तालुक्याच्या गावी असतात, आणि त्यांचा हात चांगला असतो. पण २० हजार फेऱ्यांचं आर्मेचर भरल्यावर त्याचं बॅलन्सिंग करावं लागतं, आणि ते मशीन सहसा त्यांच्याकडे नसतं. रतीभर वजन एका बाजूला झुकलं की नवं बेअरिंग काही दिवसांत वाजायला लागतं. त्यापेक्षा मोटर नवीच बसवावी. कार्बन मात्र घरी बदलता येतात. ते झिजून आखूड झाले, ठिणग्या वाढल्या, की लगेच बदलावेत. उशीर केला तर कॉम्युटेटर खरवडला जातो आणि मग कार्बन बदलूनही उपयोग नाही. मशीन घेताना दुकानदाराकडे त्याच मापाची कार्बनची जोडी मागून बघा. ती मिळत नसेल तर ते मशीन कितीही वॅटचं असो, घेऊ नका. आणि 'मोटर बसली' म्हणून नवी मागवण्याआधी टाकीच्या झाकणाचं रबर एकदा दाबून पाहा. बरेचदा हवा तिथूनच चोरलेली असते.