ओटीपी न मागणारं दुकान

मणी, लेस, कुंदन आता आपल्यातल्या कितीतरी जणी मोबाईलवर बघूनच मागवतात. परदेशी दुकानात तोच माल स्वस्त दिसतो. आमच्या गोरेगावच्या बैठकीत एकीने विचारलं, "ताई, कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी आलाच नाही, तरी पैसे गेले. असं कसं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्याकडच्या दुकानात कार्डाने पैसे भरताना सहसा ओटीपी लागतो. अनेक परदेशी दुकानं मात्र कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावरच पैसे घेतात. म्हणजे या तीन गोष्टी ज्याच्या हाती लागतील, त्याला आपल्या फोनची गरजच उरत नाही. आणि त्या दुसऱ्याच्या हाती लागतात, हे घडलेलं आहे. 'शीन' हे कपड्यांचं ॲप आठवतं ना? २०१८ साली त्यांच्याकडून ३ कोटी ९० लाख ग्राहकांच्या खात्यांची माहिती चोरीला गेली. कंपनीने लोकांना आकडा सांगितला साधारण ६४ लाखांचा! २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्यांच्या मालक कंपनीकडून १९ लाख डॉलर दंड घेतला. भारतात त्या ॲपवर जून २०२० मध्ये बंदी आली होती, पण ती वेगळ्या कारणाने. आणि बंदीने ॲप जातं, आपण देऊन बसलेला पत्ता आणि फोन नंबर परत येत नाही.

कायदा आहे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा भारतातल्या ग्राहकांना माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही धरतो. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. पण ज्या दुकानाचा इथे ना पत्ता ना माणूस, त्याला नोटीस कुठे पाठवणार? म्हणून मी तरी आधी आपल्या हातातल्या कळीवर भरवसा ठेवते.

ती कळ बँकेच्या ॲपमध्ये असते. कार्डाच्या पानावर 'इंटरनॅशनल' असं लिहिलेलं असतं, ते बंद ठेवा. खरेदीपुरतं चालू करा, झाली की लगेच बंद. ॲप नसेल तर बँकेत जाऊन सांगा. 'कार्ड सेव्ह करा' या चौकोनात आधीच खूण असेल तर ती काढा. आणि गटाच्या पैशांचं खातं यात कधीच नको. खरेदीसाठी वेगळं खातं ठेवून त्यात लागतील तेवढेच पैसे टाका.

न सांगता पैसे गेले तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि १९३० ला फोन करा. चूक आपलीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवल्यास तोटा आपल्यावर येत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केला होता. तक्रारीचा नंबर लिहून घ्या. माल आलाच नाही किंवा खराब निघाला, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणखी एक. परदेशी पार्सल कुरिअरने आलं की कस्टमसाठी ओळखपत्र खरंच मागतात. याचाच फायदा घेऊन 'पार्सल अडकलंय, आधारचा फोटो पाठवा' असे खोटे मेसेज फिरतात. त्यातली लिंक उघडू नका. कुरिअर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर पार्सलचा नंबर टाकून बघा, खरंच अडकलं असेल तर तिथे दिसेल.