वैशाखातील कुळागर : पावसाळ्यापूर्वीची बेगमी

वैशाख सुरू झाला की गोव्याच्या घराघरांतून 'पुरुमेंता'ची लगबग दिसू लागते. तांदूळ, मीठ, सुक्या मिरच्या, आमसुले, सुकी मासळी, जळाऊ लाकडे अशी चार महिन्यांची बेगमी मृगापूर्वी घरात यावयास हवी, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. घराच्या बाबतीत इतके दक्ष असणारे आपण कुळागराच्या बाबतीत मात्र तितके दक्ष असतोच असे नाही. वास्तविक फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतील अनेक कुटुंबांचा संसार पोफळी, माड, मिरी आणि केळी यांवर चालतो, आणि या झाडांचे बरेवाईट पावसाळ्याआधीच्या पाचसहा आठवड्यांतच ठरते.

याचे कारण उघड आहे. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा फार मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. एकदा झड लागली की निसरड्या पोफळीवर चढणे धोक्याचे होते, फवारलेले औषध वाहून जाते आणि खणलेल्या खड्ड्यांत पाणी साचते. तेव्हा जे करावयाचे ते जमीन व झाड कोरडे असतानाच केले पाहिजे.

कोळेरोगाचा बंदोबस्त

या दिवसांतील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे पोफळीवरील पहिली फवारणी होय. 'कोळे' या कानडी शब्दाचा अर्थ कुजणे. ऐन पावसात कोवळ्या सुपाऱ्यांवर पाणथळ डाग पडतात, सुपाऱ्या कुजून गळतात आणि शिंपुट रिकामे होते. हा रोग एका बुरशीमुळे होतो. सततचा पाऊस, दमट हवा व अधूनमधून पडणारे ऊन तिला पोषक ठरते आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर व वाऱ्याबरोबर ती एका शिंपुटावरून दुसऱ्यावर जाते.

यावरील जुना व खात्रीचा उपाय म्हणजे एक टक्का बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील बोर्डो प्रांतात मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ साली द्राक्षवेलींसाठी ते पुढे आणले. मात्र हे मिश्रण रोग बरा करीत नाही. ते रोगाला आत शिरू देत नाही. सुपारीवर त्याचा पातळ थर बसला की तेथे पडलेले बुरशीचे बीज रुजत नाही. म्हणूनच रोग दिसल्यावर केलेल्या फवारणीने गेलेले पीक परत येत नाही. पहिली फवारणी पावसापूर्वी व दुसरी त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप पाहून करावी.

मिश्रण करण्याची रीत अशी : १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवून गाळून घ्यावा. भांडी मातीची, लाकडाची अथवा प्लास्टिकची असावीत, लोखंडाची नसावीत. नंतर मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतीत लाकडी काठीने ढवळावे. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी सुरी थोडा वेळ बुडवून पाहावी. सुरीवर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याचे पाणी घालावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. फवारणी करणाऱ्याने हात, डोळे व तोंड झाकून घ्यावे.

फवारणीपूर्वी गेल्या वर्षीची वाळलेली शिंपुटे आणि खाली पडलेल्या कुजक्या सुपाऱ्या गोळा करून नष्ट कराव्यात, कारण रोग त्यांच्यातच दडून राहतो. पोफळीवर चढणारे कसबी लोक आता थोडे उरले आहेत. तेव्हा चारपाच शेजाऱ्यांनी मिळून त्यांचे दिवस आधीच ठरवून घेणे शहाणपणाचे होईल.

पाणी, चर आणि खत

वळवाची एखादी सर आली म्हणून शिंपणे थांबवू नये. त्या सरीने जमीन वरवरच भिजते. आळ्यांत पातेरा किंवा झावळ्या पसरून ठेवल्यास ओलावा टिकतो. त्याच वेळी पोफळीच्या ओळींमधील चर उपसून मोकळे करावेत. पोफळीला पाणी हवे, पण मुळाशी साचलेले पाणी तिला सोसत नाही.

शेणखताचा ढीगही याच दिवसांत उलथून पाहावा. माडाचा कोवळा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या पांढऱ्या, जाड अळ्या त्या ढिगातच वाढतात. त्या वेचून मारल्यास पुढील भुंग्यांची संख्या आपोआप कमी होते.

नवी लागवड

नवे माड लावावयाचे असल्यास साडेसात मीटर अंतरावर एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डे आताच खणून उन्हात तापू द्यावेत. जांभ्या दगडाच्या जमिनीत हे काम वेळ घेते. रोप ९ ते १२ महिन्यांचे, जाड बुंध्याचे व पाचसहा पानांचे निवडावे. परसात सुरण, आले व हळद यांची लागवडही पहिल्या सरींच्या सुमारास करता येते. आल्याच्या प्रत्येक तुकड्यावर निदान एक सशक्त डोळा असावा आणि वाफे उंच असावेत. दोडकी, काकडी यांच्यासाठी मांडव आताच घालून ठेवावेत.

शिक्षक बांधवांनाही एक विनंती आहे. मे महिन्याच्या सुटीत गावात असलेल्या मुलांना एखाद्या दिवशी कुळागरात न्यावे. सुरीची ती छोटीशी परीक्षा मुलांनी दुरून जरी पाहिली, तरी पुस्तकातील रसायनशास्त्र त्यांना अधिक जवळचे वाटेल. आणि ज्यांच्या हाती उद्या हे कुळागर जाणार आहे, त्यांना त्याची निगा कशी राखतात तेही कळेल.

औषधाचे प्रमाण, रोपे वा अन्य बाबींसंबंधी शंका असल्यास नजीकच्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करावी. मात्र ती आज करावी. पुरुमेंत उशिरा भरले तर शेजाऱ्याकडून शेरभर तांदूळ उसने आणता येतात. फवारणीची हुकलेली वेळ कोणाकडूनही उसनी मिळत नाही.