खुर्द्यातला जर्मनी

जर्मन संस्थानांच्या तांब्याच्या नाण्यांची कहाणी बदनामीपासूनच सांगावी लागेल. १६१९ ते १६२३ या काळात, तीस वर्षांचं युद्ध पेटत असताना, अनेक टांकसाळींनी चांदीत भरमसाट तांबं कालवलं. काहींनी तर निव्वळ तांब्याचीच नाणी पाडली. लोक पोळले, पण बाजाराला खुर्दा लागतोच. अठराव्या शतकात फेनिग, हेलर, क्रॉयत्सर यांचा नुसता सुकाळ झाला.

संस्थानिकाचा चेहरा मिरवायला चांदीचा थालर होता. तांब्यावर बहुधा राजचिन्ह, किंमत आणि साल एवढंच. वेशीबाहेर त्याला मानही बेताचाच, आणि माझ्या मते तीच त्याची गोडी. लिपेच्या नाण्यावर गुलाब, रोस्टॉक शहराच्या नाण्यावर गरुडमुखी सिंह, आनहाल्ट-बेर्नबुर्गच्या नाण्यावर भिंतीवरून चालणारं अस्वल! शिवराई जमवणाऱ्याला हा नाद समजावून सांगावा लागणार नाही.

मग हिशेबाला शिस्त लागली. प्रशियाने १८२१ मध्ये थालरचे ३६० फेनिग ठरवले, सॅक्सनीने १८४१ मध्ये ३००. दक्षिणेत गुल्डन या नाण्याचे ६० क्रॉयत्सर चालू राहिले. हळूहळू लिपे, शाउमबुर्ग-लिपे आणि रॉइस (जिथे घराण्यातल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश) अशी चिमुकली संस्थानं आपले फेनिग बर्लिनच्या टांकसाळीत पाडून घेऊ लागली. हिशेब प्रशियाचा, खाली बर्लिनचं ‘ए’ हे अक्षर, वेगळं उरलं ते राजचिन्ह. दिसायला ही नाणी नीरस आहेत खरी. पण जर्मन साम्राज्य १८७१ मध्ये जाहीर झालं. खुर्द्याने प्रशियाचं वर्चस्व त्याआधीच मान्य केलं होतं.

जाणकारांनाही तोवर सोन्या-चांदीचंच वेड. प्रागच्या योझेफ नॉयमन यांनी १८५८ ते १८७२ या काळात निव्वळ तांब्याच्या नाण्यांची सहा खंडी सूची काढली, तेव्हा या उपेक्षित ढिगाला घडी बसली. वेळही नेमकी साधली: १८७३ चा नाणे कायदा आला आणि १८७६ पासून सगळीकडे मार्क हे एकच चलन. जुना थालर तीन मार्कांच्या भावाने १९०७ पर्यंत तग धरून होता. संस्थानी तांब्याला असं अभय मिळालं नाही.

तरी आज १८६० च्या आसपासचे साधे फेनिग थोड्या युरोंत मिळतात. अठराव्या शतकातलं ठसठशीत नाणं मिळवणं मात्र कष्टाचं. हातोहात फिरून त्या काळची बहुतेक नाणी गुळगुळीत झालेली असतात. आणि कोणी घासून चकचकीत केलेलं पुढे ठेवलं, तर ते मुळीच घेऊ नये.